कासेलचं हवामान

माझे बाबा भित्रे होते. हे मी आडवळणाने सांगत नाही, कारण त्यांनीही ते कधी लपवलं नाही. एवाल्ड मेनर्ट, राहणार हिंटरबाख, धंदा सुतारकी, स्वभाव भित्रा, असं त्यांनी दारावरच्या पाटीवर लिहून टाकलं असतं तरी गावात कुणाला नवल वाटलं नसतं. पोस्टमनने सरकारी पाकीट आणलं की ते आधी खुर्चीत बसत आणि मग पाकीट उघडत. डॉक्टरकडे जायचं असलं की आदल्या दिवशी कपाटातले कागद नीट लावून ठेवत, म्हणजे मागे राहणाऱ्यांना शोधाशोध नको. शिडीच्या तिसऱ्या पायरीच्या वर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आई होती तोवर घरातले दिवेसुद्धा तीच बदलायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. बाबांच्या पाठी त्याची अख्खी वरात होती.

हात मात्र वेगळे होते. ओतकारखान्यात लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो. ते काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. लाकडात अर्ध्या मिलिमीटरची चूक त्यांच्या बोटाला कळायची. हात कधी थरथरले नाहीत, आणि छातीची धडधड कधी थांबली नाही. एकाच माणसात हे दोन्ही कसं मावलं, देव जाणे.

मी गुद्रुन, त्यांची धाकटी मुलगी. ज्या वर्षीची गोष्ट सांगते आहे ते एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल; जर्मनीचे तेव्हा दोन देश होते आणि आम्ही पूर्वेकडच्या. मी सत्तावीस वर्षांची होते, कापडी फुलं करायच्या कारखान्यात कामाला होते, आणि माझं डोकं आईवर गेलं होतं, म्हणजे लवकर तापायचं. दिवसाला चारशे गुलाब करायचे, एकालाही वास नाही. थोरली रोझविता चार वर्षांपूर्वी रीतसर अर्ज देऊन पलीकडच्या जर्मनीत गेली होती, कासेलला. एकदा गेलेल्या माणसाला परत यायची सोय नव्हती. बाबा पासष्टचे झाले तेव्हा म्हातारा माणूस म्हणून त्यांना वर्षातून एकदा, दहा दिवस, तिला भेटायला जायची परवानगी मिळू लागली. म्हाताऱ्यांना सरकार खुशाल सोडायचं. परत नाही आला तर एक पेन्शन वाचली.

ते दहा दिवस म्हणजे बाबांचं वर्ष होतं. बाकीचे तीनशे पंचावन्न नुसते पुढेमागे लावलेले.

आता टीव्हीबद्दल. आमच्या देशात बहुतेक सगळे लोक सरकारच्या नाकावर टिच्चून पलीकडचा टीव्ही बघत. साधी अँटेना त्या दिशेला वळवली की झालं. आमच्या कोपऱ्यात मात्र डोंगर आडवे येत आणि पडद्यावर मुंग्यांशिवाय काही दिसत नसे. देशभरचे लोक आमच्या भागाला हसून 'अडाण्यांची दरी' म्हणत. आणि गंमत अशी की कायमचं निघून जायचे अर्ज सगळ्यात जास्त आमच्याच भागातून जात. गावात म्हातारी माणसं याचा अर्थ सरळ लावत: बाकीच्यांना घरबसल्या दिसतं, त्यांची हौस भागते. आमच्या पोरांना दिसत नाही, म्हणून ती पळतात.

मी हे ऐकलं की हसायचे. बाबा हसत नसत.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात बाबा आणि शेजारचे आर्नोकाका आमच्या मागच्या शेडमध्ये बसू लागले. आर्नो ब्योमे रेडिओ दुरुस्त करायचे. एका पायाने लंगडे, जिभेने धडधाकट. थेट आकाशातल्या उपग्रहावरून चित्र पकडता येतं, असं त्यांनी कुठूनतरी वाचलं होतं. दुकानात अशी डिश मिळत नव्हती, मागायचीही सोय नव्हती. तेव्हा घरीच करायची. टीव्हीला जोडायचा डबा आर्नोकाकांनी दोन हिवाळे घालवून सुट्या भागांतून जुळवला. तबकडी बाबांनी केली. मधोमध खांब रोवला, त्याभोवती फिरणारी लाकडी फळी नेमक्या वळणात कापली, ती ओल्या प्लॅस्टरवरून फिरवून घुमटासारखा साचा केला, आणि त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड आणि राळ यांचे थरावर थर दिले. आतून अॅल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवल्या. माणूस आडवा झोपेल एवढी रुंद. बाबा तिच्यावरून बोटं फिरवत आणि डोळे मिटून म्हणत, "इथे अजून थोडं."

याला बंदी होती का? बंदी होती असं नाही आणि परवानगी होती असंही नाही. भित्र्या माणसाला याच्याइतकं वाईट काही नसतं. बंदी असती तर बाबांनी केलंच नसतं आणि निवांत झोपले असते.

मार्चमध्ये गावचा हवालदार लिपोल्ट आमच्या कुंपणापाशी येऊन उभा राहिला. तो दोन घरं सोडून राहायचा. तबकडी तेव्हा राळ सुकायला अंगणात ठेवली होती.

"काय मेनर्ट, हे काय काढलंय?"

बाबांना खोटं बोलता येत नसे. म्हणजे येतच नसे. जीभ टाळूला चिकटायची. मीच मधे पडले. "तळं आहे. माशांसाठी."

"असं?" लिपोल्ट म्हणाला. "आणि मासे कुठे आहेत?"

"यायचेत," मी म्हणाले.

तो गेल्यावर बाबा आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. चेहरा प्लॅस्टरसारखा. दुसऱ्या दिवशी ते बसने शहरात गेले आणि बरणीत तीन सोनेरी मासे घेऊन आले. तबकडीत पाणी भरलं, मासे सोडले, आणि मगच त्यांचा जीव भांड्यात पडला. माझं खोटं त्यांनी खरं करून टाकलं होतं. दीड महिना ते मासे त्या चकचकीत तळ्यात फिरले. लिपोल्ट एकदा मुद्दाम आत येऊन बघून गेला.

"आतून हे चांदीसारखं कशाला?"

"माशांना उजेड आवडतो," बाबा म्हणाले. हे खरं होतं, म्हणून त्यांना बोलता आलं.

आता एकच गोष्ट उरली होती. तबकडीच्या पुढे, तिच्या तोंडासमोर, मुठीएवढा एक डबा बसवावा लागतो. तबकडी जे गोळा करते ते तो डबा गिळतो आणि खाली तारेतून पाठवतो. आम्ही सगळे त्याला 'डोकं' म्हणायचो. डोकं घरी करता येत नव्हतं. ते पलीकडेच मिळायचं. मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "येईल." मला वाटलं, आर्नोकाकांची कुणी ओळख असेल.

मे महिन्यात बाबा त्यांचे दहा दिवस घेऊन कासेलला गेले. सोमवारी त्यांना गाडीत बसवून दिलं. मंगळवारी मी दुपारची सुट्टी काढून जिल्ह्याच्या कचेरीत गेले आणि देश सोडून जायचा अर्ज दिला.

का दिला, ते आज विचाराल तर धड सांगता येणार नाही. गुलाबांना कंटाळले होते. दरीला कंटाळले होते. दोन वर्षं अर्ज मनात लिहून तयार होता. बाबा समोर असताना तो देण्याची माझी छाती नव्हती, म्हणून ते नसताना दिला. म्हणजे भित्री मीही होतेच, फक्त मी ते पाटीवर लावलं नव्हतं. अर्ज दिला की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. कामावर खालच्या जागी टाकतात, शेजारी रस्ता ओलांडतात, आणि घरच्या सगळ्यांच्या नावापुढे कुठेतरी एक खूण होते. मला वाटलं, खूण झाली तर होऊ दे. बाबांच्या नावाला काय होणार? सरळ माणूस.

शुक्रवारी आर्नोकाका माशांना खायला घालायला आले. मी त्यांना कॉफी दिली. पेला हातात फिरवत ते म्हणाले, "गुरुवारी डोकं येतंय. शनिवारी चढवू वर."

"कोण आणतंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच माशांकडे.

"आर्नोकाका, कोण आणतंय?"

"तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं. काही झालं तर तुला खरंखरं म्हणता यावं, मला माहीत नव्हतं म्हणून."

"बाबा? बाबा सीमेवरून ते लपवून आणणार? पोस्टमन आला की ज्यांना घाम फुटतो ते?"

"मी नको म्हणालो होतो. पण ऐकतोय कुठे? भित्रा माणूस एकदा हट्टाला पेटला की त्याला कोणी आवरत नाही."

"पण कशासाठी? त्यांना तर फुटबॉलही कळत नाही!"

"त्याच्यासाठी आहे होय हे?" आर्नोकाका चिडलेच. "मूर्ख आहेस झालं. तो म्हणतो, थोरली न बघता गेली. धाकटीला घरात बसून सगळं दिसलं, तर ती जायची नाही."

मंगळवारी काय करून आले ते आर्नोकाकांना सांगायला माझं तोंड उघडेना.

पण हिशेब मला बसल्या जागी कळला. माझ्या अर्जाने बाबांच्या नावापुढे खूण केली होती. खूण असलेल्या माणसाची पेटी सीमेवर उघडतात. आणि पेटीत डोकं असणार होतं. सापडलं तर त्यांचे दहा दिवस गेले, या वर्षीचे, पुढच्या वर्षीचे, सगळेच. रोझविता त्यांना पुन्हा दिसणार नाही. आणि मीही निघून गेले तर मीही नाही. दोन मुलींचा बाप दोघी जिवंत असताना एकटा मरणार, आणि ते मी मंगळवारी दुपारी, रांगेत उभी राहून, स्वतःच्या सहीने करून आले होते.

कासेलला फोन लावायचा तर पोस्टात नाव द्यायचं, तासन्‌तास थांबायचं, आणि मधे कुणीतरी ऐकणार हे धरून चालायचं. तार करावी तर ती चारजण वाचणार. शनिवारी सकाळी मी पोस्टाच्या खिडकीपाशी उभी राहून तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: "बाबा, फक्त कॉफी आणा. दुसरं काही नको. गुद्रुन."

खिडकीतल्या बाईंनी शब्द मोजले आणि वर पाहिलं. "दुसरं काही नको? एवढं सांगायला तार?"

"वजन होतं," मी म्हणाले. "पाठ दुखते त्यांची."

"हं," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला. घरी येईपर्यंत माझी खात्री झाली की त्या तारेनेच आता ते पकडले जाणार. 'दुसरं काही नको' म्हणजे दुसरं काहीतरी आहे, हे शेंबडं पोरही ओळखेल.

ते पाच दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. कारखान्यात मी पाकळ्या उलट्या चिकटवल्या. मुकादमीण म्हणाली, "तुझ्यावर जादूटोणा झालाय की काय?" घरी आले की मासे त्या तळ्यात गोल गोल फिरत असत. मला तबकडी कुऱ्हाडीने फोडून टाकावीशी वाटायची. एकदा शेडमधून कुऱ्हाड घेऊन बाहेरसुद्धा आले. पण कडेवर बाबांच्या पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, आकडे होते, त्यांच्या त्या उभ्या अक्षरात. कुऱ्हाड परत ठेवली.

गुरुवारी बाबांची गाडी सव्वाचारला यायची होती. मी साडेतीनपासूनच फलाटावर होते. गाडी आली. एक बाई कोंबड्यांची टोपली घेऊन उतरली, दोन सैनिक उतरले, आणि गाडी गेली.

पुढची सहाला पाच कमी असताना. मी बाकावर बसले, उठले, वेळापत्रक वाचलं, पुन्हा बसले. कुठल्यातरी खोलीत टेबलावर डोकं ठेवलंय, समोर बाबा उभे आहेत आणि त्यांची जीभ टाळूला चिकटली आहे, हे मला डोळ्यांपुढून हलवता येईना. घाबरल्यावर ते टोपी हातात घेऊन तिची कड बोटांनी मोजत. आत्ता मोजत असतील.

सहाची गाडी आली. बाबा नाहीत. लिपोल्ट उतरला, गणवेशात. माझ्यासमोर थांबला.

"वडिलांची वाट बघतेस?"

"हो."

"येतील," तो म्हणाला. दोन पावलं गेला आणि वळला. "गेल्या मंगळवारी जिल्ह्याच्या ठिकाणी गेली होतीस म्हणे."

तो उत्तरासाठी थांबलाही नाही.

शेवटची गाडी सात चाळीसला होती. मे महिना, ऊन अजून डोंगराच्या टोकावर होतं. मी देवाला मानत नाही, आमच्याकडे तशी रीतच नव्हती, पण त्या बाकावर बसून मी त्याच्याशी सौदा केला: बाबांना उतरव, मी अर्ज मागे घेईन. गाडी आली. सगळ्यात शेवटच्या डब्यातून आधी पेटी उतरली, मग टोपी, मग बाबा.

मी धावले. मला रडूच फुटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

"मधली गाडी चुकली," ते म्हणाले.

त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, म्हणजे गाडी चुकली होती. पण ती का चुकली ते त्यांनी सांगितलं नाही, आणि घरी पोचेपर्यंत माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. स्वयंपाकघरात पेटी उघडली. चार पुडे कॉफी बाहेर काढून टेबलावर ओळीने लावली.

"तार मिळाली," ते म्हणाले. "कॉफी आणली."

मग पेटीच्या तळातून रोझविताचा निळा टॉवेल काढला आणि उलगडला. आत डोकं होतं.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आता फक्त अर्ज मागे घ्यायचा, मी मनात म्हटलं. सौदा म्हणजे सौदा. पण त्या रात्री मी निवांत झोपले, आणि सकाळी उठले तेव्हा सौदा जरा लांब गेल्यासारखा वाटला. माणूस असा असतो.

शनिवारी सकाळी मासे आंघोळीच्या टबात गेले. तबकडी पुसून, दोर बांधून, माळ्याच्या खिडकीतून ओढत बाहेरून छपरावर घेतली. आमचं घर दरीच्या पार तळाशी, दक्षिणेला डोंगर, त्यावर पाइनची झाडं. अंगणातून आकाशाचा तो तुकडा दिसतच नव्हता. तबकडी धुराड्याशेजारी, छपरावरच बसवावी लागणार होती. धुराडं साफ करणाऱ्याला उभं राहायला तिथे एक फळी असते, हातभर रुंद. आर्नोकाकांच्या पायाला ती झेपणार नव्हती.

"मी चढते," मी म्हणाले. "तुम्ही खालून सांगा."

बाबा धुणं वाळत घालायचा दोर कमरेला बांधत होते. "नको."

"बाबा, तुम्हाला शिडीवर घेरी येते! उगाच हट्ट कशाला?"

त्यांनी गाठ ओढून पाहिली. "तुझा हातपाय मोडला, तर तिकडे तुला कामावर कोण ठेवेल?"

एवढंच बोलून ते माळ्याच्या खिडकीतून छपरावर गेले.

मी तिथेच उभी राहिले. 'तिकडे'. आर्नोकाका माझ्याकडे बघत होते. त्यांना काही कळलं नव्हतं. वर कौलं करकरली. मला ओरडावंसं वाटलं, बाबा, परत या, मी मागे घेते. पण हाक मारली असती आणि ते दचकले असते तर? मी तोंडावर हात दाबला आणि खाली टीव्हीपाशी जाऊन बसले.

शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू नये म्हणून हाका आधीच ठरल्या होत्या. पडद्यावर नुसत्या मुंग्या असतील तर "बटाटे कच्चे", काही हललं तर "उकळी आली", आणि चित्र दिसलं तर "शिजले". मी खिडकीतून ओरडायचं, बाबांनी वर तबकडी केसभर सरकवायची.

"कच्चे!" मी ओरडले.

वर खडखडाट. एक कौल घसरलं आणि अंगणात फुटलं. मी खिडकीतून मान बाहेर काढली. बाबा धुराड्याला एका हाताने मिठी मारून उभे होते, डोळे गच्च मिटलेले. दुसरा हात मात्र तबकडीच्या कडेवर होता आणि अगदी सावकाश, लाकूड तासावं तसा, ती वळवत होता.

"कच्चेच!"

अर्धा तास गेला. एक तास गेला. त्या फळीवर ते एक तास डोळे मिटून उभे होते. दोन घरं पलीकडे लिपोल्ट बागेत कोबीला पाणी घालत होता. शेवटी त्याने झारी खाली ठेवली.

"मेनर्ट! सकाळपासून किती बटाटे शिजवता?"

त्याने छपराकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "तळं वर गेलं वाटतं," तो म्हणाला आणि घरात जाऊन खिडकी लावून घेतली. त्याने त्या दिवशी काही लिहिलं का, लिहिलं तर काय, ते मला आजतागायत माहीत नाही.

मुंग्यांच्या मागे काहीतरी हललं. सावलीसारखं. मग एक बाई. कपड्यांचा साबण हातात घेऊन हसणारी बाई.

"उकळी आली! बाबा, उकळी! तिथेच! शिजले! शिजले!"

आर्नोकाका लंगडत नाचले. मी माळ्यावर धावले. बाबांनी बोल्ट आवळले, एकेक, मापात. मग खिडकीतून आत यायला त्यांना पाव तास लागला, कारण आता हाताला काम नव्हतं आणि भीतीला मोकळं रान होतं. मी त्यांच्या कमरेचा दोर धरून आत ओढलं. शर्ट पिळून काढावा इतका ओला.

आर्नोकाका घरी बातमी सांगायला गेले. बाबा टीव्हीसमोर बसले आणि साबणवाल्या बाईकडे बघत राहिले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सीमेवर." ते पडद्याकडे बघतच बोलत होते. "सगळ्यांना कागद देतात ना, काय आणलंय ते लिहायला. मी लिहिलं. कॉफी चार, अँटेनाचं डोकं एक."

"तुम्ही लिहिलंत?"

"मग काय करणार? विचारलं तर मला थोडंच लपवता येणार होतं. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. एक अधिकारी होता, तुझ्याहून थोडा मोठा. म्हणाला, हे कशाला? म्हटलं, मुलीला घरी दिसावं म्हणून. म्हणजे ती घरी राहील. त्याने एक कागद काढला, वाचला, पुन्हा वाचला. मग म्हणाला, मेनर्ट, तुमच्या मुलीने मंगळवारीच अर्ज दिलाय."

मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले.

"म्हणाला, मग आता हे डोकं हवंय का तुम्हाला? मी म्हटलं, आता तर हवंच."

"बाबा..."

"त्याने ते बाजूला ठेवलं. पण मी ते तिकडच्या वर्तमानपत्रात गुंडाळलं होतं. मूर्ख मी. तिकडचं छापील काही आणायला सक्त मनाई आहे, माझ्या लक्षातच आलं नाही! डोकं राहिलं बाजूला, त्या वर्तमानपत्रावरून दोन तास जाबजबाब. शेवटी पेपर काढून घेतला आणि डोकं टॉवेलात गुंडाळून दिलं. नीट गुंडाळलं हां त्याने. कोपरे दुमडून."

मला हसू आलं आणि हसताहसता हुंदका आला. "मी अर्ज मागे घेते. आत्ता सोमवारी जाते."

"गप," बाबा म्हणाले. "बातम्या लागल्या."

बातम्या संपल्या आणि हवामान आलं. पलीकडच्या जर्मनीचा नकाशा, त्यावर ढग, आकडे, सूर्य. बाबा उठले. खिशातून घडीची पट्टी काढली, पडदा उजव्या कडेपासून मोजला, खालून मोजला, आणि उरलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्टीचा नखाएवढा तुकडा काचेवर चिकटवला.

"कासेल," ते म्हणाले. "सतरा अंश. पाऊस आहे. रोझविता छत्री विसरते." मग माझ्याकडे, परत आल्यापासून पहिल्यांदा, पाहिलं. "तू गेलीस की तिच्याच गावात राहा. दोन ठिकाणी लक्ष ठेवायला मला जमायचं नाही."

परवानगी यायला चौदा महिने लागले. मला कारखान्यातून काढून झाडलोटीवर टाकलं, आणि रोज संध्याकाळी बाबा त्या तुकड्यासमोर बसत. मी जाऊ नको असं ते एकदाही म्हणाले नाहीत. सगळ्याला घाबरणारा माणूस, त्याने या एका गोष्टीला घाबरल्याचं कधी तोंडाने कबूल केलं नाही. माझी पेटी त्यांनीच भरली आणि मला वर्तमानपत्र नेऊ दिलं नाही.

कासेलला त्यांचं पहिलं पत्र आलं त्यात खुशालीची एक ओळ नव्हती. लिहिलं होतं: "पोरींनो, बुधवारी तुमच्यावर विजेची खूण होती. मला झोप लागली नाही. खिडक्या लावल्या होत्या ना? छत्र्या नेल्या होत्या ना? माझी तबकडी वाऱ्याने हलत नाही, काळजी नको."

त्या बुधवारी आम्ही दोघी ट्रामच्या थांब्यावर उभ्या होतो, एकही छत्री नव्हती. वीज समोरच्या झाडावर पडली होती. रोझविताने माझा हात इतका घट्ट धरला होता की दोन दिवस वळ राहिला.

पत्र आलं त्याच संध्याकाळी मी उत्तर लिहिलं. बाबांना खोटं बोलता यायचं नाही; मला यायचं. लिहिलं, छत्र्या होत्या.